आधी छावणी, मग होडी

दिल्लीच्या या पोस्टिंगमध्ये माझं सकाळचं फिरणं उत्तर रिजवर असतं. हिंदूराव रुग्णालयाच्या बाजूने वर चढायचं, अशोकस्तंभापाशी दोन मिनिटं थांबायचं, माकडांना वाट द्यायची आणि परत फिरायचं. मागच्या रविवारी तिथेच फोन वाजला. खडकवासल्याचा कोर्समेट. वर्षअखेरीस तो गणवेश उतरवतोय.

"निम्मं पेन्शन कम्यूट करतोय," तो म्हणाला. "अलिबागला राहायचं आणि मांडव्याला बोट ठेवायची. चोवीस फुटी, दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन, सेकंडहँड, अठरा लाखांत देतोय. तू यात हात पोळून घेतलेयस म्हणून विचारतो. फक्त 'हो' म्हण."

मी 'हो' म्हटलं नाही. सविस्तर लिहून कळवतो म्हटलं. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हे पत्र त्याच्या एकट्यासाठी नाही. पीकॉक बेमध्ये ज्यांनी ज्यांनी पहिल्यांदा शिडाची दोरी हातात धरली, त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात निवृत्तीनंतरची एक होडी तरंगत असते. माझ्याही होती. म्हणून इथेच लिहितो.

माझी होडी आधी सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी मुंबईला पोस्टिंग होतं. आम्ही तिघांनी मिळून बावीस फुटी, फायबरची, शिडाची जुनी बोट घेतली. तीन लाखांत. एक-एक लाख म्हणजे तेव्हा मोटरसायकलपेक्षा थोडं जास्त. आम्ही मेसमध्ये सगळ्यांना पेढे वाटले.

पहिल्या वर्षाचा खर्च मी वहीत लिहून ठेवला होता. मुंबई बंदरात छोट्या बोटीला धक्क्याला बांधून ठेवण्याची सोय सहसा नसते. समुद्राच्या तळाशी काँक्रीटचा ठोकळा, त्याला साखळी, वर तरंगता गोळा आणि त्याला बोट. भरती-ओहोटीतला फरक उधाणाला चार मीटरच्या वर जातो. साखळी रोज ओढली जाते, झिजते, गंजते, म्हणून बदलावी लागते. बोटीपर्यंत जायला आणखी एक छोटी होडी लागते. म्हणजे बोट घेतली की बोटीची बोटही घ्यावी लागते! ती चालवायला आणि रात्री वारा वाढला तर बघायला एक खलाशी, त्याचा पगार. तळाला शेवाळ आणि शिंपल्यासारखे जीव चिकटतात, ते खरवडून दरवर्षी विषारी रंग लावावा लागतो. नाही लावला तर बोट चिखलातून चालल्यासारखी चालते. आणि जून आला की बोट पाण्याबाहेर काढायची. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचसुद्धा पावसाळ्यात बंद असतात, तिथे आमच्या बावीस फुटांची काय कथा. क्रेन, ट्रॉली, जमिनीवरच्या जागेचं चार महिन्यांचं भाडं, बांबू आणि ताडपत्री.

वर्षाची बेरीज एक लाख दहा हजार. तीन लाखांच्या बोटीवर! त्या वर्षी आम्ही एकोणीस वेळा पाण्यात गेलो. प्रत्येक फेरी पावणेसहा हजारांच्या आसपास पडली. आणि हे शिडाच्या बोटीचं, जिथे वारा फुकट असतो.

बोटवाल्यांमध्ये जगभर एक ठोकताळा आहे: दरसाल किमतीच्या दहा टक्के देखभालीला धरा. नव्या बोटीला तो लागू पडतो. जुन्या बोटीत माणूस इथेच फसतो. साखळी, क्रेन, रंग, जागेचं भाडं हे बोटीच्या लांबीवर ठरतं, तुम्ही ती कितीला घेतली त्यावर नाही. अठरा लाखांना मिळालेली चोवीस फुटी बोट नवी असताना जेवढी जागा अडवत होती, तेवढीच आजही अडवते. वर तिचं इंजिन म्हातारं असतं.

आता इंधन. पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन पूर्ण वेगाने चालवलं तर चाळीस हॉर्सपॉवरला तासाला पंधरा लिटरच्या आसपास लागतात. दीडशेला पंचावन्न. मुंबईत पेट्रोल शंभरच्या वर आहे. म्हणजे मित्रा, तू मुलांना घेऊन तासभर जोरात फिरवून आणलंस, की साडेपाच हजारांहून जास्त धुरात गेले. हळू चालवलीस तर कमी लागेल, पण हळूच जायचं होतं तर दीडशेचं इंजिन कशाला? शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीला त्याची फारशी झळ नाही. पण पावसाळाभर उभ्या असलेल्या बोटीच्या अर्ध्या टाकीत पाणी खाली बसतं आणि सप्टेंबरात इंजिन खोकतं. म्हणून मे महिन्यात टाकी रिकामी करा, इंजिन गोड्या पाण्याने धुवा, तेल बदला. हे काम स्वतः केलं तर एक दिवस जातो, दुसऱ्याकडून करून घेतलं तर पैसे.

यात आपल्या पेशाची एक खास भानगड आहे. बोटीला पैशाइतकीच हजेरी लागते. माझी बदली ईशान्येला झाली. दुसरा भागीदार आधीच विशाखापट्टणमला गेला होता. तिसरा म्हणाला, मी बघतो. त्यानेही मनापासून बघितलं असेल. दुसऱ्या पावसाळ्यात ताडपत्री फाटली, आत पाणी साचलं, प्लायवुडचं विभाजन कुजलं, इंजिन जाम झालं. रजेवर आलो तेव्हा मी तिच्याजवळ उभा राहिलो आणि मला लाज वाटली. युनिटचं एखादं वाहन कुणी असं ठेवलं असतं तर मी त्याला चौकशीला उभं केलं असतं. नव्वद हजारांना विकली.

आपल्या पूर्वजांना हे गणित माहीत होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. लढाईच्या गोष्टी त्यात आहेतच, पण मला दोन बाबी महत्त्वाच्या वाटतात. एक, आरमाराचा खर्च मुलखातल्या ठरलेल्या उत्पन्नातून आधीच नेमून द्यावा. बंदरात जे मिळेल त्यावर भागवू नये, नाहीतर व्यापाऱ्यांना त्रास होऊन व्यापारच बुडतो. दोन, पावसाळ्यात आरमाराची छावणी कुठे आणि कशी करायची, याच्या सूचना. जहाज बांधण्याइतकीच ते उभं ठेवण्याची काळजी. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत मराठ्यांची गोदी आहे, तिचे अवशेष बघताना हेच आठवतं. छावणीची सोय नाही आणि खर्चाची नेमणूक नाही, तर आरमार नाही. स्वराज्याला जो नियम, तोच कर्नलच्या पेन्शनला.

आणि कम्यूटेशनचं गणित याहून कठोर आहे. निम्मं पेन्शन विकलंस की पंधरा वर्षं ते कापलं जातं. बोटीचं इंजिन तोपर्यंत एकदा तरी बदलावं लागेल. म्हणजे ज्या महिन्यांत खर्च वाढत जाणार, त्याच महिन्यांत हाती निम्मं येणार. वहिनींना हे सांगितलंयस का?

मग होडीचं स्वप्न सोडून द्यायचं? मुळीच नाही. आपण पीकॉक बेमध्ये शिकलो त्या एन्टरप्राइज होड्या आपल्या कुणाच्याही नव्हत्या. तेरा फुटांची होडी, दोन माणसं, इंजिन नाही. आपल्या आधी शंभरांनी वापरलेली आणि आपल्यानंतर शंभरांनी वापरायची. शिडाला ठिगळं होती. त्यातला आनंद काय कमी होता?

दत्तू भोकनळ हे नाव तुला माहीत आहे. दुष्काळी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा मुलगा. सैन्यात आल्यावर वल्हं हातात धरलं, २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक मिळवलं. ती होडी त्याला विकत घ्यावी लागली असती तर? 'तृष्णा' आपल्या इंजिनीयर कोअरची होती, १९८५ ते ८७ मध्ये जगाची फेरी मारून आली. गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली 'म्हादेई' नौदलाची. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. या देशात शिडाचं आणि वल्ह्याचं जे मोठं काम झालं, त्यातलं बरंचसं सामायिक होडीतून झालं. कारण होडीला कायम हजर असणारं कुणीतरी लागतं, आणि ते एकटा माणूस देऊ शकत नाही. संस्था देते.

"पण स्वतःची ती स्वतःची," असं तू म्हणशील. खरं आहे. पहाटे कुणालाही न विचारता नांगर उचलण्याचं सुख मी एकोणीस वेळा घेतलंय, ते खोटं म्हणणार नाही. ज्याच्याकडे पाण्याला लागून घर आहे, हातात वेळ आहे आणि खर्च वेगळा काढून ठेवलेला आहे, त्याने जरूर घ्यावी.

एक गाऱ्हाणं सरकारकडे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या वा खेळाच्या नौकांवर ४० टक्के जीएसटी आहे. धनिकाच्या वातानुकूलित यॉटवर लावा, माझी हरकत नाही. पण शाळकरी पोराला शिडाची होडी शिकवणाऱ्या छोट्या क्लबाला त्याच नजरेने का बघायचं? सव्वादोन मीटरच्या बिनइंजिनाच्या होडीत चैन कसली? तिला वेगळं काढा. आणि मोठ्या मरिनाच्या घोषणा होत राहतील, तोवर कोकणातल्या दर चार-पाच खाड्यांआड एक साधा उतार आणि एक शेड बांधा. ट्रेलरवरून होडी आणा, उतरवा, संध्याकाळी परत काढा. साठवणीचा खर्च तिथेच निम्म्यावर येईल, आणि कोळी बांधवांच्या होड्यांनाही त्याचा उपयोग होईल.

तर मित्रा, माझं उत्तर. अठरा लाखांची बोट घेऊ नकोस. पाच जण जमव, मी सहावा. शिडाच्या दोन छोट्या होड्या घेऊ, ट्रेलरवर राहतील अशा. प्रत्येकाने दरसालचा खर्च पहिल्या दिवशीच एका खात्यात टाकायचा, आणि पावसाळ्यातली जागा ठरल्याशिवाय होडी ठरवायची नाही. तू अलिबागला राहणार आहेस, म्हणजे हजेरी तुझी. गावातल्या चार पोरांना शिकवायचं, ही माझी अट.

हे लिहिताना मला इथले हिंदूराव घाटगे आठवतात. कागलकर घाटग्यांच्या घरातले, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. विल्यम फ्रेझरचा १८३५ मध्ये खून झाला, त्यानंतर त्याची रिजवरची कोठी त्यांनी घेतली. म्हणजे सेकंडहँडच. १८५७ मध्ये तिने तोफगोळे झेलले, पुढे तिथे रुग्णालय झालं. ज्याने त्याने जागा वापरात ठेवली, म्हणून दिल्लीचा रिक्षावालासुद्धा आज हिंदूराव म्हणतो. माझी होडी ज्याने विकत घेतली, त्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव खरवडून काढलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दोन पावसाळे मी तिच्याजवळ नव्हतो.