पोटांतील भिंग

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर कोणास ठाऊक नाहीं? पुष्कळ वर्षें विद्वान् लोक तें ज्वालामुखीचें मुख मानीत. १९७३ सालीं तेथील खडकाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्याचें प्रसिद्ध झालें, तेव्हां उल्कापाताची निश्चित खूण पटली. एवढा प्रचंड खड्डा सर्वांच्या डोळ्यांपुढें होता; उत्तर मात्र कणाएवढ्या काचेंत दडलेलें होतें.

जठराच्या कर्करोगाचेंही असेंच आहे. प्रारंभीं तो किंचित् लाली, किंचित् खोलगटपणा, एवढाच दिसतो. साध्या दाहाहून वेगळा ओळखणें अनुभवी नजरेसही कठीण जातें. त्यासाठीं तोंडावाटे आंत जाणाऱ्या लवचीक दुर्बिणीस आतां सुमारें ८० पट मोठें दाखविणारें भिंग असतें, आणि तिच्यांतून निवडक निळा व हिरवा प्रकाश सोडतात. हा प्रकाश रक्तांतील लाल द्रव्यांत शोषला जातो. त्यामुळें अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. निरोगी जागीं त्यांची जाळी रांगोळीसारखी रेखीव असते. रोगट जागीं ती विसकटते, आणि दोहोंमध्यें सीमारेषा उमटते. जपानांत डॉ. केन्शी याओ यांनीं या खुणांची पद्धतशीर मांडणी केली. अखेरचा निर्णय अर्थात् लहानसा तुकडा काढून तपासल्यावरच होतो. रोग वरच्या थरांतच असेल, तर पुष्कळदां पोट न उघडतां दुर्बिणीवाटेंच तो काढून टाकतां येतो.

आमच्या एका स्नेह्यांस दोन वर्षें ‘पित्त’ होतें. प्रथम सोडा, मग सुंठ, मग दुकानांतल्या गोळ्या. “उतार पडतो ना? मग झालें!” असा धीर आम्हींच त्यांस दिला. सदरे सैल होऊं लागले, तेंही आम्हीं वयाच्या माथीं मारलें. दुर्बीण घातली तेव्हां वेळ निघून गेली होती. आम्ल कमी करणाऱ्या गोळीनें या रोगाची कळही कांहीं काळ दबते, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

म्हणून उतारवयांत नव्यानें जडलेलें अपचन, घटतें वजन, वारंवार ओकारी, डांबरासारखा काळा शौच, गिळतांना अडकणें, अंगांतील रक्त कमी होणें, यांपैकीं कांहींही आढळल्यास गोळ्यांवर दिवस काढूं नयेत. घरांत पूर्वीं कोणास हा रोग झाला असल्यास तेंही डॉक्टरांस सांगावें. भिंगाची दुर्बीण गांवोगांवीं नाहीं. परंतु साधी दुर्बीण वेळेवर घातली, तर संशय येतांच पुढें मोठ्या रुग्णालयांत जातां येतें. घरांतील स्त्रिया आपलें दुखणें कामाच्या रगाड्यांत झांकतात. त्यांस आपण होऊन विचारावें.

‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आम्ही वर्गांत सांगत असूं: रोगाची ओळख, आणि ‘कमींत कमी’. आमच्या स्नेह्यांसाठीं आम्हीं तेवढेंही केलें नाहीं. वाचकांनीं आपल्या माणसांसाठीं निदान तेवढें करावें.