दुर्बिणीला तीन पाय

थंडी पडली की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये भिगवणचे प्लॅन शिजायला लागतात. पहाटे चारला पुणे सोडायचं, सोलापूर रोडनं साधारण शंभर किलोमीटर, वाटेत चहा आणि उजाडताना उजनीच्या बॅकवॉटरवर हजर! ग्रुपमधल्या एकानं तरी नवी कोरी दुर्बीण घेतलेली असतेच. मग काठावर उभं राहून तो ठरलेला संवाद सुरू होतो.

‘दिसला?’
‘कुठाय?’
‘अरे तो काय, काळ्या दगडाच्या उजवीकडे.’
‘कुठला दगड?’

तोवर पक्षी उडालेला असतो आणि खापर फुटतं दुर्बिणीवर. ‘दहा पट कमी पडतं यार, पुढच्या वेळी बारा पट घेऊ.’

थांबा बॉस! पाकीट आत ठेवा. दहा पट दुर्बीण पक्षी दहा पट मोठा करते, तशीच तुमच्या हाताची थरथरही दहा पट मोठी करते. बारा पट घ्याल तर थरथर बारा पट. दुर्बीण ठीक आहे, तिला उभं राहायला पाय नाहीत एवढंच. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घरी पडलेला असतोच. मधला दुवा तेवढा हवा, त्याचं नाव ट्रायपॉड अ‍ॅडॅप्टर.

दुकानात याच्या खोक्यावर बऱ्याचदा ‘हंटिंग’ असं छापलेलं दिसेल. दचकू नका. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत शिकारी मंडळी तासन् तास एका जागी बसून समोरचा डोंगर दुर्बिणीनं इंच इंच तपासतात. इतका वेळ हात कोण धरणार? म्हणून दुर्बीण ट्रायपॉडवर. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे. पण त्यांची बसून बघायची सवय उचलायला कायद्याची काहीच हरकत नाही!

तर, खरेदीचा फंडा असा.

आधी भोक शोधा: दुर्बिणीच्या दोन नळ्यांच्या मधोमध, बिजागरीच्या पुढच्या टोकाला एक छोटीशी गोल टोपी असते. ती बहुतेकदा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवली की निघते. आत आटे दिसले तर तुम्ही नशीबवान. सहसा ते पाव इंची असतात, कॅमेऱ्याच्या बुडाला असतात तेच. पण काही कंपन्यांचे आटे वेगळे असतात, म्हणून दुकानात लावूनच बघा. टोपी फिरत नसेल तर पक्कड घेऊन मागे लागू नका. खिशात मावणाऱ्या छोट्या दुर्बिणींना बहुधा ही सोय नसते. अशांसाठी खालून आधार देणारी आणि वरून पट्ट्यानं बांधायची बैठक मिळते.

मग फट मोजा: इथे मी स्वतः फसलोय. अ‍ॅडॅप्टर आणला, घरी लावला, एकदम फिट. भिगवणला मैत्रिणीनं डोळे लावले आणि तिला दोन वेगवेगळे गोल दिसायला लागले. तिच्या डोळ्यांतलं अंतर कमी, त्यामुळे नळ्या जवळ आणायला हव्या होत्या. पण मधे अ‍ॅडॅप्टरचा जाडजूड दांडा! पुढची सगळी सकाळ तिनं एका डोळ्यानं पक्षी बघितले. तेव्हा ग्रुपमधल्या सर्वांत कमी अंतराच्या डोळ्यांना दुर्बीण जुळवा, नळ्यांमधली फट पट्टीनं मोजा आणि दांडा त्याहून बारीक घ्या.

धातू की प्लॅस्टिक: ४२ मिलिमीटर भिंगांची दुर्बीण साधारण पाऊण किलोची असते. एवढं वजन पुढे लटकलं की प्लॅस्टिकचा दांडा हळूच वाकतो. सोपी टेस्ट सांगतो. दुर्बीण लावा, टिचकी मारा, चित्र थांबायला किती वेळ लागतो ते बघा. पटकन थांबलं तर घ्या, डुलत राहिलं तर दुकानदाराला थँक्यू म्हणा.

एल की खुंटी: साधा प्रकार इंग्रजी एल अक्षरासारखा. स्वस्त आणि मस्त, पण दर वेळी स्क्रू पिळत बसा. दुसऱ्या प्रकारात एक छोटी खुंटी कायम दुर्बिणीतच राहते आणि ट्रायपॉडवरच्या पकडीत खटकन बसते. याला पैसे जास्त पडतात. पण भिगवणसारख्या ठिकाणी हाच कामाचा, कारण बोटीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही. बोट डुलली की तोही डुलणार. बोटीत दुर्बीण हातात, काठावर आल्यावर ट्रायपॉडवर, अशी अदलाबदल सतत चालते.

शेवटी ट्रायपॉडकडे बघा: मधला दांडा वर न खेचता दुर्बीण डोळ्यांपर्यंत यायला हवी. येत नसेल तर घडीची खुर्ची न्या, नाहीतरी बसून जास्त दिसतं. बॉलवाल्या हेडपेक्षा हँडल असलेलं पॅन हेड बरं, कारण बॉल सैल केला की दुर्बीण मान टाकते. आणि स्क्रू घट्ट होईपर्यंत गळ्यातला पट्टा गळ्यातच राहू द्या. साध्या अ‍ॅडॅप्टरचा खर्च मल्टिप्लेक्सच्या एका संध्याकाळीएवढा, पडलेल्या दुर्बिणीचा मात्र विचारू नका.

एवढा खटाटोप कशाला? मागच्या ट्रिपला दुर्बीण काठावर लावून ठेवली होती. समोर रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा चरत होता. आमचे ड्रायव्हरदादा एरवी गाडीत झोप काढतात. त्या दिवशी उगाच जवळ आले, म्हटलं बघा. ना ‘कुठाय’, ना ‘कुठला दगड’. नुसते डोळे लावले आणि गप्प झाले. दोन मिनिटं, पाच मिनिटं... मागे लाइन लागली तरी हलेनात.

‘अहो, हे तर चोच उलटी करून खातात की!’

इतकी वर्षं ते आम्हाला तिथे आणत होते आणि एकदाही आम्ही त्यांना दाखवलं नव्हतं. हातातली दुर्बीण एकट्याची असते. तीन पायांवर उभी राहिली की ती सगळ्यांची होते.