फांदी मातीत लावा, बाटलीत नको

पाऊस सुरू झाला की खानवेलच्या ओसऱ्यांवर रंगीत पानांच्या कुंड्या दिसू लागतात. लाल-हिरवा कोलियस, ठिपक्यांचा क्रोटन, मनीप्लांट. "त्याला ना फळ ना शेंग, मग जागा कशाला अडवायची?" असे काही वडीलधारे म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. शेवग्याची फांदी रोवून झाड करणाऱ्या घराला फांदीवर कुंडी करायला खर्च तो काय? रोपवाटिकेतून विकत आणण्याचीही गरज नाही. शेजारणीकडून एक फांदी मागून आणावी. शिवाय कोलियसचे बी पेरले तर रंग बदलतो, फांदीतून मात्र मूळ झाडाचाच रंग उतरतो.

आमची तक्रार आहे ती बाटलीविषयी. फांदी पाण्याच्या बाटलीत घालून खिडकीत ठेवण्याची हल्ली चाल पडली आहे. मुळे फुटताना दिसतात, मुलांना गंमत वाटते, आणि बाटली महिनोन्‌महिने तशीच राहते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. बाटली ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा आतून घासून धुवावी. कुंडीखालच्या ताटलीचेही तेच.

त्यापेक्षा सरळ मातीत लावावे. कोलियस तुळशीच्या कुळातला, आपल्या पानओव्याचा सख्खा भाऊ. दांडा चौकोनी असतो, बोटांनी चाचपून पाहा. चार-पाच इंच लांबीचा, फुलोरा न आलेला शेंडा पेराच्या खाली कापावा. खालची पाने काढून वर दोन जोड्या ठेवाव्यात. अर्धी वाळू, अर्धी माती ओली करून त्यात एक पेर गाडावे आणि कुंडी सावलीत ठेवावी. औषधी पावडर लागत नाही. दोन आठवड्यांत मूळ धरते. क्रोटनला महिना किंवा अधिक लागतो, तिथे उतावीळपणा उपयोगाचा नाही. एप्रिल-मेच्या झळांत पाने माना टाकतात, म्हणून हे काम पावसातच करावे.

आणखी एक. क्रोटन एरंडाच्या कुळातला. कापल्यावर निघणारा चीक अंगावर खाज आणतो, डोळ्यांत गेला तर फार त्रास देतो. हात साबणाने धुवावेत. पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचे डिफेनबॅकिया तर रांगत्या मुलाच्या घरात आणूच नये. अळूसारखेच सुईदार खडे त्याच्या पानांत असतात. अळू आपण चिंच घालून शिजवून खातो, पण मूल हे पान कच्चेच चावते आणि जीभ, घसा सुजतो. तसे झालेच तर तोंड पुसून पाण्याने धुवावे, उलटी करवू नये, आणि पान बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.