काउंटरमागचे मुके

2 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नियम काढला : डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचं ब्रँडनाव नाही, औषधाचं मूळ नाव लिहायचं. नाहीतर कारवाई. 23 ऑगस्टला तोच नियम स्थगित. एकवीस दिवसांत खेळ खलास! डॉक्टरांची संघटना आयएमए उभी राहिली, औषध कंपन्या उभ्या राहिल्या, आरोग्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली, सरकार वाकलं. या सगळ्या धुमाळीत देशातल्या फार्मासिस्टला कुणी मोजलं? कुणी नाही.

विरोधाचं एक कारण दर्जाचं होतं. जेनेरिक गोळीची खात्री कोण देणार? सवाल खरा आहे. गोळी निकृष्ट निघाली तर मरणार आपलीच माणसं. पण दर्जा तपासणं हे सरकारच्या औषध प्रशासनाचं काम. ते नीट होत नसेल तर ब्रँडच्या गोळीवर तरी विश्वास कसा ठेवायचा? दुसरं कारण मात्र पोटातलं होतं. ब्रँड लिहिला नाही तर निवड डॉक्टरच्या हातून सुटेल आणि दुकानात औषध विकणाऱ्याच्या हातात जाईल, असं त्यांचं म्हणणं.

विकणारा! 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. डॉक्टरने स्वतःच्या पेशंटला दिलं तर तेवढी सूट. 2015 चे फार्मसी प्रॅक्टिस नियम सांगतात की औषध कसं नि कधी घ्यायचं ते फार्मासिस्टने पेशंटला समजावून सांगावं. म्हणजे कागदावर जाणकार, व्यवहारात पुडी बांधणारा. आणि औषध नियमावलीतला नियम 65, पोटनियम 11-अ काय म्हणतो? चिठ्ठीवर शेड्यूल एचचं औषध असेल तर त्याच्या जागी दुसरं द्यायचं नाही. घटक तोच असला तरी नाही. धारावीतली म्हातारी बीपीची चिठ्ठी घेऊन काउंटरवर येते. शेजारच्या खणात तोच घटक कितीतरी स्वस्तात पडलाय. आतल्या पोराला ते ठाऊक आहे. आणि कायदा त्याला म्हणतो, गप्प बस.

पाच लाखांच्या आयुष्मान विम्याचा ढोल 2018 पासून वाजतोय. पण तो हॉस्पिटलात भरती होणाऱ्यासाठी. महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात नाहीत. त्यांचे पैसे म्हातारीच्या पदराच्या गाठीतूनच सुटायचे.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. कुठल्याही मोठ्या दवाखान्यात जाऊन बघा. वर डॉक्टर, मग नर्स, फार्मासिस्ट, वॉर्डबॉय, तळाला झाडूवाली. तळाशी कुणाची आडनावं आहेत ते हजेरीपटावर वाचा. ही उतरंड कायद्यातही शिरली आहे. राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये फार्मासिस्टांनी निवडून द्यायच्या जागा 6. सरकारने नेमलेले 5. वर पदसिद्ध अधिकारी. आणि 1 जागा मेडिकल कौन्सिलमधून येणाऱ्या माणसाला, हक्काची. उलट, 2019 च्या कायद्याने आलेल्या वैद्यक आयोगात फार्मासिस्टसाठी राखलेली खुर्ची? एकही नाही. ते आमच्या घरात बसणार, त्यांच्या ओसरीवर आम्हाला जागा नाही. हा असला पाणवठा आपण चांगला ओळखतो. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले, तिथं नर्सिंगवाले चालले, आयुर्वेदवाले चालले. फार्मसीवाल्याला त्या यादीतही थारा नाही.

कुणी म्हणेल, मेडिकलवाल्यांची संघटना केवढी जबरदस्त! 2015, 2017, 2018, ऑनलाइन औषधविक्रीविरुद्ध तीनदा देशभर बंद केला. केला ना. पण ती मालकांची ताकद आहे, आणि मालकाचं दुखणं मार्जिन. 2013 च्या किंमत आदेशात किरकोळ विक्रेत्याचे 16 टक्के हिशेबात धरलेत. काउंटरवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोराचा पगार त्या आदेशात शोधून सापडणार नाही.

हे पोरगं कोण? बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डी. फार्म. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आणि बापाच्या हमालीवर शिकलेलं. आपल्याच वस्तीतलं. नोंदणी झाली की दलाल दारात : सर्टिफिकेट आमच्या दुकानात लाव, महिन्याला पैसे घे, तू यायची गरज नाही. भिंतीवर फ्रेममध्ये याचं नाव, काउंटरवर दुसराच कुणी. दोस्तहो, रागावू नका. पोट सगळ्यांनाच आहे. पण सर्टिफिकेट भाड्याने देणं म्हणजे आपला आवाज भाड्याने देणं. ज्याच्या गैरहजेरीत दुकान चालतं, त्याच्या गैरहजेरीत धोरणही चालतं.

1920 साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. शंभर वर्षं उलटली आणि शिकलेला पोरगा काउंटरमागे मुकाच उभा राहणार असेल, तर शिकून काय मिळवलं?

मग करायचं काय? सर्टिफिकेट भिंतीवरून उतरवा, स्वतः काउंटरवर उभे राहा, पूर्ण पगार मागा. मालकांच्या संघटनेच्या शेपटीला लटकू नका. दुकानातल्या नोकरदार फार्मासिस्टांची आणि सरकारी दवाखान्यांतल्या कंत्राटी औषध निर्माण अधिकाऱ्यांची वेगळी युनियन बांधा. कौन्सिलच्या त्या 6 जागांवर आपली माणसं उभी करा. नियम 65 बदला, अशी मागणी करा. पण नुसता बदलाचा हक्क नको. मालक मार्जिनवर नाचवेल तशी गोळी बदलायची वेळ आली तर ती म्हातारी पुन्हा लुटली जाईल. म्हणून हक्काबरोबर दर्जाची जाहीर तपासणी हवी, नोकरीची हमी हवी, आणि रोजच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट हव्यात.

ही लढाई एकट्या फार्मासिस्टची केली तर तीन लॉब्यांत चौथीची भर पडेल, एवढंच. म्हणून चाळीत जा, झोपडपट्टीत जा, चिठ्ठी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला बरोबर घ्या. त्याला सांगा की त्याच्या हातातल्या गोळीचं मूळ नाव काय आणि ती कितीला पडायला हवी. एवढं सांगायला कुठल्या आयोगाची परवानगी लागत नाही.

जय भीम!