पूल झाला, खालचं काय?

नगरचा उड्डाणपूल 2022 च्या नोव्हेंबरात खुला झाला. सक्कर चौकातून वर चढलेली गाडी आता शहराला वळसा न घालता, शहराला न भेटताच पुढे निघून जाते. पुण्याहून संभाजीनगरला जाणाऱ्याची सोय झाली, हे मान्य. या पुलासाठी नगरकरांनी वर्षानुवर्षे धूळ खाल्ली होती.

पण पुलाखाली काय? खांबांवर शिवचरित्रातली चित्रं रंगवली, हे चांगलंच. मात्र ती पाहायला थांबायचं कुठे? दोन खांबांमध्ये दुचाकी लावल्या जातात, त्यापलीकडे हातगाडी, तिच्यापुढे रिक्षा. माळीवाडा बसस्थानकातून पिशवी आणि लेकरू सांभाळत बाहेर पडणाऱ्या बाईनं रस्ता ओलांडायचा तो जीव मुठीत धरूनच. गाडीसाठी चार पदर आणि पायी चालणाऱ्याला उरलंसुरलं, हे गणित केवळ नगरचं नाही. पण इथं ते फार जवळून दिसतं. पुलाखालीच नव्हे, पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहानं वसवलेल्या शहराच्या कापडबाजारात दिवाळीच्या तोंडावर एकदा चारचाकी घालून पाहा, म्हणजे कळेल.

हातगाड्यांचं म्हणाल, तर पथविक्रेता कायदा 2014 चा आहे. त्यानुसार फेरीवाल्यांची जागा ठरवणं हे महापालिकेचं काम. तेव्हा पुलाखालच्या पट्ट्याची आखणी आता करावी: रिक्षाथांबा, विक्रेत्यांचे ओटे, बसायला बाकं आणि सलग पदपथ. शिवाय सणासुदीला कापडबाजार वाहनांना बंद. व्यापारी कुरकुरतील, तरीही करावं.