भिवंडीजवळच्या जंगलात ट्रेकिंग, सायकलिंग, मासेमारी करता येते का? कायदा काय सांगतो?

पाऊस सुरू झाला की चिंचोटीच्या धबधब्याचे रील्स फिरू लागतात. पाठोपाठ कुणीतरी बुडाल्याची बातमी येते आणि मग प्रशासनाचा बंदी आदेश. भिवंडी, वसई, ठाण्याच्या लोकांना हे चक्र आता सवयीचं झालंय.

यात एक गोष्ट मात्र राहून जाते. ज्या तुंगारेश्वरच्या डोंगरात ही गर्दी होते, ते पिकनिक स्पॉट नाही, अभयारण्य आहे. त्यामुळे तिथे काय करता येतं हे आवडीवर नाही, कायद्यावर ठरतं.

भिवंडीच्या आसपास कोणती जंगलं आहेत?

पश्चिमेला तुंगारेश्वर अभयारण्य आहे. वसई आणि भिवंडी तालुक्यांत पसरलेलं हे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं जंगल २००३ मध्ये अभयारण्य झालं. त्याच्या दक्षिणेला बोरिवली-ठाण्याचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे.

ईशान्येला तानसा अभयारण्य आहे. त्याची घोषणा १९७० मधली आणि क्षेत्र सुमारे ३२० चौरस किलोमीटर. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव याच जंगलात आहे आणि ट्रेकर्सचा आवडता माहुली किल्लाही.

अभयारण्यात जायला परवानगी लागते का?

लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्याच्या हद्दीत राहणारे, तिथे जमीन असलेले, सार्वजनिक रस्त्याने जाणारे आणि सरकारी कर्मचारी अशा मोजक्या लोकांनाच परवान्याशिवाय जाता येतं. बाकीच्यांसाठी कलम २८ मध्ये परवान्याची सोय आहे. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन ही त्यासाठीची मान्य कारणं आहेत.

म्हणजे अभयारण्य लोकांना बंद नाही. पण तिथे प्रवेश ही सवलत आहे, हक्क नाही.

मग काय चालतं, काय चालत नाही?

ट्रेकिंग: ठरलेल्या वाटेने आणि वन विभागाच्या परवानगीने करता येतं. आग लावणं, कचरा टाकणं, प्राण्यांना त्रास देणं हे गुन्हे आहेत. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हा प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली वेगळी बंदी घालू शकतं.

सायकलिंग: ट्रेकची परवानगी म्हणजे सायकलची परवानगी नव्हे. डोंगरउतारावर सायकल घालण्याआधी वन कार्यालयात विचारणं भाग आहे. पायवाटेवर चाकांनी माती सुटते आणि पावसाच्या पाण्याने तिथेच घळ पडते. संजय गांधी उद्यानात रस्त्यावर फिरायला भाड्याने सायकली मिळतात, तो साधा पर्याय आहे.

मासेमारी: कलम २९ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय अभयारण्यातून कोणताही वन्यजीव काढून नेता येत नाही. गळ टाकून बसायची हौस तिथे भागवता येणार नाही. पाण्यात रसायनं किंवा स्फोटकं टाकायला तर कलम ३२ मध्ये साफ मनाई आहे.

नियम मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिकारीसारख्या गुन्ह्यांना त्याहून कडक शिक्षा आहे.

एवढी कडक भूमिका कशासाठी?

उत्तर एका बिबट्याच्या प्रवासात आहे. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत अडकलेल्या एका बिबट्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडण्यात आलं. अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या पथकाने त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत तो १२० किलोमीटरहून अधिक चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला.

तानसा, तुंगारेश्वर आणि संजय गांधी उद्यान ही तीन जंगलं अशाच येण्या-जाण्याने जोडलेली आहेत. हा दुवा तुटला तर चहूबाजूंनी वेढलेल्या मुंबईच्या जंगलातले बिबटे तिथेच कोंडले जातील. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता आणि वसई-दिवा रेल्वेमार्ग आधीच या पट्ट्यातून जातात. त्यात गोदामं वाढत आहेत आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन यांसारख्या नव्या प्रकल्पांची भर पडते आहे.

मग भिवंडीकरांनी जायचं कुठे?

खरा प्रश्न हा आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात आणि गोदामांच्या ट्रकमध्ये राहणाऱ्या शहराला मोकळा डोंगर हवासा वाटणं चूक नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीसारखी स्थानिक प्रशासनं स्वतःची निसर्ग उद्यानं चालवतात. तिथे पायी चालायच्या आणि सायकलच्या वाटा ठरवून दिलेल्या असतात. आपल्याकडे एका टोकाला शहरातली छोटी बाग आणि दुसऱ्या टोकाला थेट अभयारण्य. मधलं फारसं काही नाही, म्हणून सगळा भार अभयारण्यावर येतो.

हा मधला पर्याय उभा करायची जागा कायद्यात आहे. तुंगारेश्वरभोवतालचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र केंद्राने २०१९ मध्ये अधिसूचित केलं. अशा क्षेत्रासाठी राज्य सरकारने विभागीय आराखडा आणि त्याचाच भाग म्हणून पर्यटन आराखडा करायचा असतो. चालण्याच्या वाटा, सायकलचे मार्ग, गावकऱ्यांना रोजगार देणारी वाटाड्यांची व्यवस्था हे सगळं अभयारण्याच्या हद्दीबाहेर, या पट्ट्यात बसवता येऊ शकतं.

नुसत्या बंदीने गर्दी थांबत नाही, ती पुढच्या धबधब्याकडे सरकते. तिला जाण्याजोगी दुसरी जागा मिळाली, तर माणसांचे जीव वाचतील आणि बिबट्याची वाटही.