हेराचे घर

हेर आपले काम घरच्या माणसांपासून लपवू शकतो काय, हा प्रश्न हेरकथा वाचताना आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येऊन गेला असेल. या प्रश्नाचा कसून विचार करणारा एक प्राचीन ग्रंथ कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातून आपल्या हाती आला, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाला दिली. तेथील ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी तिचे मोल ओळखले आणि १९०९ मध्ये मूळ संहिता छापून प्रसिद्ध केली. त्या पंडिताची ओळख मात्र 'तंजावर जिल्ह्यातील पंडित' एवढीच उरली. हेरांविषयी इतके लिहिणाऱ्या ग्रंथाच्या दात्याने असे अनाम राहावे, हेही एका परीने शोभूनच दिसते!

त्या प्रदेशातील जुनी खेडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना गुप्ततेची अडचण वेगळी सांगावयास नको. कावेरी आणि वेण्णार यांच्या पाण्यावर पिकणारी भातशेती, देवळाच्या वाटेवर दुतर्फा घरांची ओळ, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एकच भिंत, आणि प्रत्येक घरापुढे 'तिण्णै' म्हणजे ओटा. संध्याकाळी त्या ओट्यांवर बसलेल्या मंडळींच्या नजरेतून कोणाचे येणे-जाणे सुटावयाचे नाही. आणि ओट्यावरून जे सुटेल, ते माजघरात कसे सुटणार?

कौटिल्याने ही गोष्ट पुरती ओळखली होती. मसलत कशी फुटते हे सांगताना तो निष्काळजीपणा, मद्य आणि कामासक्ती यांच्या जोडीला झोपेतील बडबडही मोजतो. ती ऐकणारे घरचेच माणूस असावयाचे, दुसरे कोण! म्हणून हेर निवडताना तो माणसाच्या घराकडे आधी पाहतो. 'सत्री' नावाचे हेर त्याने घेतले ते नातेवाईक नसलेल्या, राजानेच पोसावयाच्या मुलांतून. विष घालणारा 'रसद' हा आप्तांविषयी माया नसलेला, क्रूर आणि आळशी असावा, असे तो म्हणतो. हेरगिरीसाठी हिंडणारी परिव्राजिका ही गरीब, धीट विधवा. सारांश, ज्याला घर नाही त्याच्यापुढे घरापासून लपविण्याचा प्रश्नच उरत नाही.

पण सर्वांनाच असे एकाकी कोठून आणावयाचे? 'गृहपतिक' हा मोडकळीस आलेला शेतकरी. त्याला जमीन द्यावयाची, हाताखाली माणसे द्यावयाची, आणि त्याने शेतकरी म्हणूनच नांदावयाचे. येथे घरदार हाच हेराचा वेष होतो. सर्वांत कठोर नियम आहे तो शत्रूकडे चाकरी धरून तिकडचेही वेतन घेणाऱ्या 'उभयवेतन' हेरांचा. त्यांची बायकामुले राजाने आपल्या ताब्यात ठेवावीत, असा कौटिल्याचा आदेश आहे. नवरा परमुलखात कोणाचे मीठ खातो हे त्या बाईला कळो वा न कळो, त्याच्या इमानाला तारण मात्र तीच. राजनीतीच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख असेल. मला ती वाचताना नेहमीच अंगावर काटा येतो.

कावेरीकाठच्या घराघरांत मुलांना शिकविल्या जाणाऱ्या तिरुक्कुरळमध्येही हेरांवर स्वतंत्र अध्याय आहे. राजसेवक, शत्रू आणि राजाचे स्वतःचे नातलग या सर्वांवर हेराने नजर ठेवावी, काहीही केले तरी त्याने गुपित फोडू नये, असे तिरुवळ्ळुवर सांगतात. हेराचा गौरव राजाने उघडपणे करू नये, नाहीतर गुपित राजानेच बाहेर टाकल्यासारखे होईल, हेही त्यात आहे. म्हणजे बाप उगीच गावोगाव भटकतो असे समजणाऱ्या मुलाला त्याची कर्तबगारी कळण्याची ही वाटही बंद झाली.

अलीकडच्या काळात काय घडले तेही पाहू. बडोद्यात जन्मलेले सूफी गायक इनायत खान यांची कन्या नूर १९४३ च्या जून महिन्यात ब्रिटिशांची गुप्त बिनतारी संदेशवाहक म्हणून फ्रान्समध्ये उतरली. लंडनमधील आईला तिने या कामाचा पत्ता लागू दिला नाही. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये डाखाउच्या छळछावणीत तिला ठार करण्यात आले.

इंग्लंडातच ब्लेचली पार्क येथे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारी हजारो माणसे होती, त्यांत तरुण मुली पुष्कळ. घरी त्यांनी 'कचेरीत काम आहे' एवढेच सांगावयाचे. १९७४ मध्ये त्या कामावरील पुस्तक निघाले तोवर जवळजवळ तीस वर्षे कित्येकींनी नवऱ्याजवळही तो विषय काढला नव्हता. काहींचे आईवडील त्याआधीच वारले होते. युद्धाच्या दिवसांत आपली मुलगी एवढी कोठे गुंतली होती, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.